योग्यता तपासणीत पुढचे शॉकअपही पाहावेत

महोदय,

गेली अकरा वर्षे मी नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो आणि भाजीपाला भरून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट आणि मुरबाडमार्गे कल्याणला आणि तिथून पुढे वाशीच्या बाजार समितीत पोचवतो. गाडी माझी आणि चालकही मीच. पिकअपच्या पुढच्या चाकांवर बसवलेल्या शॉक ॲब्सॉर्बरबद्दल, ज्याला आम्ही सगळे शॉकअप म्हणतो, मला या पत्रातून लिहायचे आहे. हा भाग निकामी झाला तरी गाडी चालत राहते, त्यामुळे मालक, मिस्त्री आणि तपासणी करणारे अधिकारी या तिघांच्याही नजरेतून तो सुटतो. माझ्या नजरेतूनही तो सुटला होता.

गेल्या जूनमध्ये ८० क्रेट टोमॅटो घेऊन, म्हणजे वीस किलोच्या हिशेबाने १६०० किलो माल घेऊन, मी पहाटे माळशेज उतरत होतो. वळण संपताच समोर एसटी थांबलेली दिसली आणि मी ब्रेक दाबला. गाडीचे नाक खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले, आणि तेवढ्या वेळात स्टिअरिंग हातात इतके हलके झाले की पुढची चाके रस्त्यावर आहेत की नाहीत हेच कळेना. गाडी एसटीच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. पंधरा दिवसांपूर्वीच ब्रेकचे काम केलेले होते, टायरांत हवा बरोबर होती, आणि चारच महिन्यांपूर्वी गाडीला योग्यता (फिटनेस) प्रमाणपत्रही मिळालेले होते.

ब्रेकमध्येच काही राहिले असेल असे समजून मी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीने चाक उतरवले, ब्रेक पाहिले, ते ठीक होते. मग त्याने माझा तळहात धरून पुढच्या टायरवरून फिरवला. टायर एका बाजूने किंवा मधोमध झिजलेला नव्हता. त्यावर ठरावीक अंतराने वाटीसारखे खोलगट भाग पडले होते. चाक रस्त्यावर सलग न फिरता उड्या मारत फिरले की टायर असा झिजतो, असे त्याने सांगितले. शॉकअपच्या नळीवर धुळीचा जाड, ओला थर बसला होता. नळीवर तेलाचा पुसटसा ओलावा असला तर घाबरायचे कारण नसते, पण इथे तेल ओघळून खालच्या बुशपर्यंत, म्हणजे टोकाच्या जोडातल्या रबरापर्यंत आले होते. जुना शॉकअप काढून त्याने माझ्या हातात दिला. नळीत सरकणारा त्याचा दांडा एका बोटाने आत गेला, आणि जिथे सोडला तिथेच राहिला. नवा शॉकअप दाबायला मला दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकावा लागला, आणि सोडल्यावर तो सावकाश, एकाच गतीने वर आला. अकरा वर्षांत मला जे कळले नव्हते ते त्या दोन नळ्या शेजारी ठेवल्यावर कळले.

आमच्यात सर्वांचा समज असा की शॉकअप ही बसणाऱ्याच्या आरामाची वस्तू आहे, आणि मालाच्या गाडीला आराम कशाला हवा? वस्तुतः गाडीचे वजन शॉकअप पेलतच नाही, ते कमानीचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा पेलतात. खड्ड्यातून गेल्यावर पाटा दबतो आणि उसळतो, आणि त्याची ती उसळी तेल बारीक छिद्रांतून ढकलून जिरवणे, म्हणजे तिची उष्णता करून टाकणे, एवढेच शॉकअपचे काम असते. ते झाले नाही तर पाटा झुलत राहतो आणि त्याबरोबर टायरचा रस्त्यावरचा दाब क्षणाक्षणाला कमीजास्त होतो. दाब कमी असलेल्या क्षणी ब्रेक कितीही चांगला असला तरी त्या चाकाला रस्त्याची पकड नसते, आणि वळणावर असाल तर स्टिअरिंगचेही तेच होते. माल मागे हौद्यात असतो, मग पुढच्या शॉकअपची एवढी काळजी कशासाठी, असेही विचारले जाते. परंतु ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो, उतारावर तो आधीच पुढे आलेला असतो, आणि गाडीला दिशा देणारी चाके तर पुढचीच आहेत. जादा माल भरता यावा म्हणून मागे जादा पाटा टाकायला आम्ही मागेपुढे पाहत नाही, पुढचे शॉकअप बदलायचे म्हटले की मात्र पुढच्या हंगामावर ढकलतो. माझ्या गाडीच्या पुढच्या दोन नव्या शॉकअपचा खर्च एका नव्या टायरपेक्षाही कमी आला, आणि तसे दोन टायर मी या दुर्लक्षामुळे आधीच वाया घालवले होते.

कामाच्या पद्धतीबद्दलही लिहिले पाहिजे, कारण नवे शॉकअप चुकीचे बसवले तर पैसे जातात आणि वर समाधान खोटे मिळते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजने मला जुन्याच शॉकअपमध्ये तेल भरून, वर रंग मारून ते बसवून दिले होते. तीन महिन्यांत ते पुन्हा गळू लागले. एकाच बाजूचा शॉकअप बदलणे हीदेखील चूकच आहे, कारण मग एक चाक रस्त्याला धरून राहते आणि दुसरे उसळते. आडवा ठेवलेला नवा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून चारपाच वेळा पूर्ण दाबून सोडावा, म्हणजे आतली हवा निघून जाते. सर्वांत जास्त दुर्लक्ष बुशकडे होते. चाके अधांतरी लोंबत असताना शॉकअपच्या डोळ्यातला, म्हणजे टोकाच्या कडीतला बोल्ट पूर्ण आवळला की रबर त्याच स्थितीत पकडले जाते, गाडी जमिनीवर आल्यावर पिळले जाते आणि लवकर फाटते. म्हणून शेवटचा पाना गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच मारावा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये, ॲक्सलखाली पक्का आधार द्यावा, हे प्रत्येक मालकाने मिस्त्रीच्या पोराला स्वतः बजावावे. काम लवकर उरकण्यासाठी आधार न लावणारी पोरे मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि त्यांची मला मनापासून काळजी वाटते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मालवाहू गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. माझ्या तपासणीच्या वेळी दिवे, हॉर्न, रिफ्लेक्टर आणि ब्रेक पाहिले गेले; गाडीखाली कोणी वाकले नाही. पुढचा बंपर दाबून पाहणे ही छोट्या मोटारीसाठी ठीक असलेली युक्ती पिकअपला लागू पडत नाही, कारण कडक पाट्यांवरची रिकामी गाडी माणसाच्या वजनाने फारशी दबतच नाही. त्याऐवजी नळीवर ओघळलेले तेल आहे का, बुश शाबूत आहेत का, दांडा वाकला आहे का आणि टायरवर खोलगट झीज आहे का, एवढे टॉर्चच्या उजेडात पाहायला एका गाडीला दोन मिनिटे पुरतात. परिवहन विभागाने ही दोन मिनिटे सक्तीची करावीत, आणि तेल ओघळणाऱ्या शॉकअपची गाडी दुरुस्तीनंतरच पुन्हा तपासणीला घ्यावी, अशी माझी विनंती आहे. आमच्यासारख्यांचा एक दिवसाचा धंदा त्यात बुडेल, हे मी जाणून लिहितो आहे.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा महिन्यात चालकांच्या डोळ्यांची तपासणी शिबिरे भरतात आणि ती उपयोगी असतात. माझा चष्मा अशाच शिबिरात लागला. येत्या जानेवारीत वाहनमालक संघटनांनी आणि बाजार समित्यांनी मिळून, लिलावासाठी गाड्या रांगेत उभ्या असतात त्या वेळात, दोन जाणकार मिस्त्री बाजाराच्या आवारात बसवावेत आणि प्रत्येक पिकअपची पुढची चाके पाहून मालकाला तिथेच चिठ्ठी द्यावी. नारायणगावच्या आवारात असे शिबिर होणार असेल तर जॅक, ॲक्सलखालचे आधार आणि माझा एक दिवस मी द्यायला तयार आहे. तो काढलेला जुना शॉकअपही मी घरी जपून ठेवला आहे. तो तिथे टेबलावर ठेवता येईल, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने स्वतः दाबून पाहावे.

आपला नम्र,
एक पिकअप मालक-चालक
ता. जुन्नर, जि. पुणे