सौरवादळांचे इशारे आणि सरकारची खरेदी

महोदय,

फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकच्या नव्याने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी ३८ उपग्रह कक्षेत स्थिरावण्याआधीच नष्ट झाले. सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या खळबळीने, म्हणजे भूचुंबकीय वादळाने, वरचे वातावरण तापून फुगले होते व उपग्रहांना होणारा हवेचा अडथळा वाढला होता, आणि ते वादळ तसे किरकोळच होते. अशा वादळांची, म्हणजे अवकाशातील हवामानाची, निरीक्षणे खासगी कंपन्यांकडून विकत घेण्याची वाट अमेरिकेने २०२० च्या कायद्याने मोकळी केली. आपल्याकडे सूर्याचे निरीक्षण करणारे आदित्य-एल१ यान आहे, आणि अलिबागची चुंबकीय वेधशाळा तर १९०४ पासून नोंदी घेत आहे (मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्राममुळे चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून हे काम कुलाब्याहून हलवावे लागले होते). परंतु या नोंदींवरून वीज-पारेषण केंद्राला किंवा विमान कंपनीला उपयोगी पडेल असा नेमका इशारा तयार करणे हे वेगळे काम आहे, आणि ते नवउद्योगांनी करावे असे वाटत असेल, तर नुसत्या अनुदानापेक्षा सरकारने त्यांचे पहिले ग्राहक होणे अधिक उपयोगाचे ठरेल. मात्र सार्वजनिक पैशातून मिळालेली मूळ निरीक्षणे सर्वांना विनामूल्य मिळत राहावीत, आणि धोक्याचा सर्वसाधारण इशारा देण्याची जबाबदारी सरकारने कंपन्यांवर ढकलू नये.

– एक वाचक, अलिबाग