चार ओळींत कूलिओ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकी रॅपर कूलिओ २८ सप्टेंबर २०२२ला लॉस एंजेलिसमध्ये वारला. वय अवघं ५९. तुमच्या अंकात चार ओळी आल्या, त्याही पार तळाला.

१९९५ मध्ये त्याचं ‘गँगस्टाज पॅराडाइज’ हे गाणं आलं तेव्हा मी सोलापुरात अशोक चौकाजवळ यंत्रमागावर सुताच्या कांड्या भरायचो. नवी पेठेतून भरून आणलेली कॅसेट मागांच्या खडखडाटात लावायची. इंग्रजीचा गंध नाही. मित्रानं टॉवेलच्या लेबलामागं शब्द देवनागरीत उतरवून दिलेले, निम्मे चुकीचे. (त्याच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी, त्यात हे!) मूळ चाल स्टीव्ही वंडरची, १९७६ची, हे फार उशिरा कळलं. गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्या मित्रानंच सगळ्यांना चहा पाजला.

परवा रात्री कारखाना सुटल्यावर आम्ही पाचजण जमलो. एकजण तेव्हा कूलिओसारख्या उभ्या शेंड्या बांधायचा, आज पूर्ण टक्कल. मोबाइलवर गाणं लावलं. शेजारच्या पोरानं विचारलं, “काका, कोण वारलं?” उत्तर कुणी दिलं नाही. सगळे गात होते, तेच चुकीचे शब्द.

रविवारच्या पुरवणीत निदान फोटो तरी छापा. शेंड्या दिसतील असा.

– एक जुना कांडीवाला, सोलापूर