मागचं दार बंद आहे

एडिसन, न्यू जर्सी
मे महिना

ती. आई,
सा. न.

व्हिडिओ कॉलवर विचारत होतीस ना, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला कागद कसला चिकटवलाय? ‘दार उघडू नये’ असं लिहिलंय त्यावर. बाहेरच्या दिव्यावर रॉबिनने घरटं केलंय आणि दार सरकलं की मादी अंड्यांवरून उडून जाते. बाबांना सांग, हा आपला दयाळ नव्हे. हा विटकरी पोटाचा, साळुंकीएवढा.

घरटं जवळजवळ तिने एकटीनेच बांधलं. नर कधीमधी काडी आणून देतो, बाकी वेळ झाडावर गात बसतो. (आमच्याकडे तरी काय वेगळं आहे म्हणा.) पाऊस पडून गेला की ती चोचीत चिखल भरून आणायची, वाटीत बसायची आणि छाती दाबत गोल फिरायची. आतून अगदी गुळगुळीत लिंपलंय, वर बारीक गवताची गादी. अंडी निळी, एक ठिपका नाही. रोज एक घालते, पण सगळी होत आल्याशिवाय नीट उबवायला बसत नाही, म्हणून पिल्लं थोडीशीच मागेपुढे निघतात. उबवायला साधारण 2 आठवडे, मग तेवढ्याच दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर.

गेल्या वर्षी चेरीच्या झाडावरचं घरटं मी वरच्या खिडकीतून बघायचे. गांडूळ भरवून झालं की ती क्षणभर थांबते. पिल्लू मागचा भाग वर करतं आणि पांढऱ्या पातळ पिशवीत बांधलेली शी बाहेर येते. ती चोचीत धरून ही लांब नेऊन टाकते. पहिले काही दिवस तर आईबाप ती गिळूनच टाकतात. मला मीराचे डायपर आठवले.

भांडण आहे ते कुंपणाजवळच्या घरट्याच्या पेटीवरून. ती लावली होती ब्लूबर्ड या इथल्या छोट्या निळ्या पक्ष्यासाठी. त्याला ढोली लागते, पण त्याच्या चोचीने लाकूड पोखरता येत नाही. सुतार पक्ष्याची जुनी ढोली नाहीतर माणसाने लावलेली पेटी, एवढाच आधार. पेटीचं भोक दीड इंचाचं ठेवतात, म्हणजे स्टार्लिंग (चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीच्या जातीचा पक्षी) आत शिरत नाही. चिमणी शिरते. आणि ही आपलीच चिमणी बरं का, 1850 च्या सुमाराला युरोपातून आणून ब्रुकलिनला सोडलेली. ब्लूबर्ड पेटीत सापडला तर त्याला टोचून मारते, अंडी फोडते. म्हणून इथले जाणकार सांगतात, चिमणीने आत गवत नेलं की काढून टाका. कायद्याची आडकाठी नाही. 1918 च्या कायद्याने इथल्या पक्ष्यांच्या अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावता येत नाही, पण बाहेरून आलेल्या चिमणीला आणि स्टार्लिंगला तो लागू नाही. (आमचं ग्रीन कार्डही अजून रांगेतच आहे, ते सोड.)

तुम्ही तिथे गॅलरीत बुटाचा खोका टांगून चिमणीची वाट बघताय, आणि मी इथे तिचं गवत उपसून टाकू? शेजारच्या बाई बिनदिक्कत टाकतात आणि त्यांचं काही चुकत नाही. माझा हात धजेना. पण पेटी तशीच ठेवायची म्हणजे ब्लूबर्डला बोलावून मारायचं. अजून आत काही नव्हतं, तेव्हाच उतरवून गराजमध्ये ठेवली. चिमण्यांचं काही अडत नाही. इथे दुकानांच्या पाट्यांवरच्या मोठ्या अक्षरांच्या पोकळीतसुद्धा त्यांचे संसार असतात.

तुम्ही जुलैत याल तेव्हा दिव्यावरची पिल्लं कधीच उडून गेली असतील, पण गोल्डफिंच दिसेल. आपल्याकडे हरियाल तसा हा न्यू जर्सीचा राज्यपक्षी. नर पिवळाधमक. बाकीच्यांचा हंगाम उतरणीला लागला की हा घरटं करायला घेतो, कारण काटेरी थिसलच्या बोंडांतून कापूस तेव्हा सुटतो. तो घरट्याला लागतो आणि पिल्लांना जवळजवळ बियांवरच वाढवतात. इथला काऊबर्ड कोकिळेसारखं दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालतो, पण गोल्डफिंचकडे त्याचं पिल्लू सहसा जगत नाही. नुसत्या बिया त्याला मानवत नाहीत.

तर कुंपणाशी जी काटेरी झुडपं माजलेली दिसतील, ती मी मुद्दाम ठेवलीत. बाबांनी आल्या आल्या विळा शोधू नये. त्यांची दुर्बीण मात्र आठवणीने बॅगेत टाक.

तुझी,
शमा