बेन हंटला ट्रॉफी दहा वर्षांनी मिळाली

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाल्यापासून आई गप्पच आहे. शनिवारी रग्बीत टॅकल करताना कुणाचा तरी गुडघा तुझ्या कानशिलावर बसला, थोडा वेळ काही सुचेना, आणि येत्या रविवारी क्लबची ग्रँड फायनल आहे म्हणून तू खेळणार. एका दमात सांगितलंस सगळं, आणि लगेच "जेवलात का?" म्हणून विचारलंस. डोक्याचा विषय पत्रात काढायचा नाही असं मी ठरवलंय.

२०१५ ची एनआरएलची, आपल्या रग्बी लीगची, फायनल आठवते? ४ ऑक्टोबर, होमबुशचं स्टेडियम, ८२ हजारांवर माणसं. दोन्ही संघ क्वीन्सलँडचे, असं पहिल्यांदाच झालं होतं. आपण सिडनीकर, पण तुझा जीव काउबॉईजमध्ये. ब्रॉन्कोस १६-१२ ने पुढे, शेवटचे काही सेकंद. टॅकल होता होता काउबॉईजच्या मायकल मॉर्गनने एका हाताने बॉल बाहेर ढकलला आणि काइल फेल्टने कोपऱ्यात ट्राय केला. १६-१६. मग काउबॉईजच्या थर्स्टनची जादा गुणांची किक, थेट साइडलाइनजवळून. बॉल खांबावर आपटला. तू माझं मनगट असं आवळलंस की नखांचे वळ उठले. मग गोल्डन पॉइंट, म्हणजे जो आधी गुण मिळवेल तो जिंकणार. त्यात ब्रॉन्कोसच्या बेन हंटच्या हातून किक-ऑफचा बॉल सुटला, थर्स्टनने फील्ड गोल मारला, १७-१६. तू नाचत होतास. मी हंटकडे बघत होतो. कुणाचा तरी मुलगा तो.

ट्रेनमध्येच तू थर्स्टनसारखं हेडगियर मागितलंस. ते तू अजून घालतोस, बरं वाटतं. पण त्याने कान फाटत नाही, खोक पडत नाही, इतकंच. नारळ फुटला नाही तरी आतलं पाणी डचमळतंच.

त्या रात्री काउबॉईजचा कोच होता पॉल ग्रीन. स्वतः वर्षानुवर्षं हाफबॅक खेळलेला. २०२२ मध्ये, ४९ व्या वर्षी तो गेला. नंतर मेंदू तपासला तेव्हा सीटीई निघाला, बराच बळावलेला. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसून होतो तो आजार. जिवंतपणी नक्की निदानसुद्धा करता येत नाही. ते वाचल्यापासून ती मॅच मी पुन्हा लावलेली नाही.

डॉक्टरांनी तुला २१ दिवस सांगितलेत ना? मनाचे नाही सांगितले. २०२४ पासून इथे क्लबच्या खेळाडूंसाठी तेच आहे: सामन्यापूर्वी किमान २१ दिवस, आणि अंगावर घेऊन सराव करण्याआधी सलग १४ दिवस कसलाही त्रास नको. एनआरएलच्या व्यावसायिक खेळाडूंच्या दिमतीला एवढे डॉक्टर, तरी त्यांनाही सहसा ११ दिवस बाहेर ठेवतात. तुझे दिवस किती होतात, मोज.

झालं, लागलो भाषण द्यायला. माफ कर. आप्पांनी माझी कबड्डी बंद केली तेव्हा मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो. तू निदान फोन तरी केलास.

आणि खेळतोस छान रे. मागे टाउन्सव्हिलला आलो होतो, तेव्हा तुझ्या दुप्पट अंगाच्या पोराला तू पायात शिरून आडवा केलास, आणि दुसऱ्या क्षणी उठून लाइनीत उभा. शेजारच्या बाईंना मी न विचारता सांगितलं, "तो माझा मुलगा."

२०२५ ची फायनल तू तिकडे पाहिलीस, मी इकडे. ब्रॉन्कोसनी मेलबर्नला २६-२२ ने हरवलं आणि हंट त्याच ब्रॉन्कोसमध्ये होता. दहा वर्षं थांबला तो. तू फक्त पुढच्या सीझनपर्यंत थांब.

एक गोष्ट आईने तुला सांगू नका म्हटलं होतं. काल फोनवर "आत्या कधी येणार?" हे तू तिला दोनदा विचारलंस. तिने दोन्ही वेळा उत्तर दिलं. तुला आठवतंय का ते?

शनिवारच्या विमानाचं तिकीट काढलंय. तू खेळत नसलास तरी येणार आहे, दोघं बसून तुझ्या टीमची मॅच बघू. पत्र वाचलंस की आधी कोचला फोन कर, मग आईला. तुझं डोकं दुखतंय की नाही ते तिला खरं सांग.

तुझा,
बाबा