गॅदरिंगचा डान्स बसवताना आधी गाणं मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर आला की पुण्यात गॅदरिंगचे दिवस सुरू होतात, आमच्या पार्किंगमध्येसुद्धा रोज संध्याकाळी पोरांची प्रॅक्टिस चालू. माझी मुलगी चौथीत आहे, तिच्या वर्गाला कोळीगीत मिळालं आणि तिसऱ्याच दिवशी ती रडत घरी आली, "आई, माझंच चुकतं सारखं."

मग गाणं लावलं आणि तिला करून दाखवायला सांगितलं. गाणं सरळ दादरा तालातलं, धा धिं ना धा तिं ना, सहा मात्रा म्हणजे सहा ठोके, आणि स्टेप बसवल्यात वन टू थ्री करत आठावर! म्हणजे स्टेप पहिल्यांदा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होणार, दुसऱ्यांदा तिसऱ्या मात्रेवर, मग पाचव्या, आणि २४ मात्रा झाल्या की कुठे परत समेवर येणार. पोरीचे पाय बरोबर ठेक्यावर पडत होते हो, म्हणून तर ती "चुकत" होती. आम्ही तीच स्टेप सहात केली, तीन मात्रा वल्हं पुढे, तीन मात्रा मागे, पाच मिनिटांत बसली.

कोरिओग्राफरना माझं मनापासून सांगणं आहे की स्टेप सुचायच्या आधी कागद घेऊन बसा. मुखडा कितीदा येतो, मधला म्युझिक पीस किती आवर्तनांचा म्हणजे तालाच्या किती फेऱ्यांचा, अंतरा कुठे वर चढतो ते लिहून काढा. मुखड्याला दर वेळी तीच स्टेप ठेवली की बघणारा ती ओळखतो आणि तिची वाट बघतो, अंतऱ्यात शब्द असतात तिथे हात आणि चेहरा बोलू दे, आणि रांगा बदलायच्या त्या म्युझिक पीसमध्ये, कारण तेव्हा शब्दांकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि चार मिनिटांत सहा गाणी कापून जोडायची ही जी पद्धत पडलीये ना ती तर बंदच करा, अंतरा अर्ध्यावर तुटतो आणि हात वर गेलेली पोरं तशीच बावरून उभी राहतात, बघवत नाही.

मी लहानपणी कथक शिकले. बाई आधी नुसती टाळी द्यायला लावायच्या, तीनतालाच्या १६ मात्रा, नवव्या मात्रेला 'खाली' म्हणजे तिथे टाळी नाही, पायात घुंगरू नंतर. पाच-पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा सोडून, की शेवटचा धा सतराव्या मात्रेला म्हणजे नेमका समेवर! गणितच आहे ते, पण जमलं की अंगावर काटा येतो. कथकगुरू रोहिणीताई भाटेंनी १९४७ मध्ये ज्या पुण्यात नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली तिथल्या मुलांना सम म्हणजे काय हे गॅदरिंगमध्ये तरी कळावं असं फार वाटतं.

बऱ्याच शाळांत तबल्याचे सर असतात. डान्स बसवायच्या आधी त्यांना फक्त एक तास कोरिओग्राफरबरोबर बसवा, एवढी विनंती सगळ्या शाळांना तुमच्या पेपरातून पोचवाल का?

– एक पालक, कोथरूड, पुणे