शिप्रा की क्षिप्रा

रामबाग, इंदूर
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू पाऊण तास बोललास. मी हं हं करत होतो ते पटत होतं म्हणून नव्हे. समोर लग्नपत्रिकेचं प्रूफ हातात घेऊन मुलीचा बाप उभा होता आणि तुझ्या बोलण्यात तोंड घालायला फट नव्हती. आज रविवार, दुकान बंद, पोहे-जिलबी झालीय. आता निवांत भांडतो.

तुझे मुद्दे दोन. एक, ॲपलनं बाकीच्यांना कधीच मागे टाकलंय, विंडोजवाले नुसत्या नकला करतात, तेव्हा चिमीला मॅकच घ्यायचा. दोन, काकांच्या आठवणींची फाइल माझ्याकडे आहे, मग मी दोन वर्षं करतोय काय? ‘नुसती उघडायची आणि पाठवायची’ हे तुझे शब्द. तुला हे दोन वेगळे विषय वाटतात. मला पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात सापडलंय, म्हणून आधी दुसरा घेतो.

२००१च्या पावसाळ्यात काका दर गुरुवारी संध्याकाळी दुकानात यायचे. पिशवीतून वही काढायचे, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायचे आणि शेजारच्या स्टुलावर बसून वाचायला लागायचे. ते वाचणार, मी कीबोर्ड बडवणार. मध्येच थांबून ‘हे नको, घरातले वाचतील’ म्हणून दोन ओळी खोडायला सांगायचे. (खोडल्या नाहीत. आता सांगायला हरकत नाही.) अशी एकशे बारा पानं झाली. विंडोज ९८, पानं मांडायचं पेजमेकर ६.५ आणि एका कंपनीचं मराठी फॉन्टांचं पॅकेज. कंपनीचं नाव घेत नाही. त्या पॅकेजबरोबर काडेपेटीएवढं एक डोंगल यायचं, आम्ही त्याला लॉकच म्हणायचो. संगणकाच्या पाठीला प्रिंटरची वायर लागते तिथे ते खोचायचं आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची वायर. लॉक असेल तर फॉन्ट चालणार, नसेल तर नाही. चोरी होऊ नये म्हणून.

चोरी झाली नाही. पण २०१२ मध्ये तो डबा मेला आणि नव्या मदरबोर्डला ते रुंद पोर्टच नव्हतं. सिल्व्हर मॉलमधून कार्ड आणून पोर्ट बसवलं, तर लॉक ओळखेना. कंपनीला फोन केला. म्हणाले, ते व्हर्जन बंद झालं, नवीन पॅकेज घ्या, जुन्या फाइली बहुतेक उघडतील. पैसे नक्की, उघडणं बहुतेक! मी घेतलं नाही.

तेव्हा फाइल आहे, बाबा. तीन हार्डडिस्क बदलल्या पण ती जपली. उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर आणि टक्क्यांची मिसळ दिसते. कारण त्या फॉन्टांत मराठी नव्हतीच. संगणकाच्या लेखी मी बडवलेलं सगळं इंग्रजी. फक्त इंग्रजी अक्षराच्या घरात एका कंपनीनं ‘क’चं चित्र बसवलेलं, दुसरीनं त्याच घरात ‘म’चं. फॉन्ट काढला की चित्रं गेली, उरली घरं. आमच्या धंद्यात प्रेसवाला भाव विचारण्याआधी ‘तुमच्याकडे फॉन्ट कुठला?’ हे विचारायचा, कारण दुसऱ्याचा फॉन्ट असला तर सगळा मजकूर पुन्हा बडवणं आलं. स्पर्धा होती का? कडाक्याची होती. दर वर्षी कुणीतरी नवीन वळणाची शंभर अक्षरं काढायचा, सीडी घेऊन माणसं दारात यायची. पण एकदा आत गेलेल्याला बाहेरचं दार नव्हतं. तुझा तो वर्गमित्र भिशीत अडकला होता ना, तसंच.

आणि गंमत बघ. ज्यांना तू हाडवैरी म्हणतोस ते ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम तेव्हा कधीचेच एका टेबलाशी बसून मोकळे झाले होते. १९९१ मध्ये युनिकोड, म्हणजे अक्षरांना नंबर देणारी सगळ्यांची एकच यादी, आलं, त्यात देवनागरीला १२८ घरं मिळाली, मांडणी आपल्याकडच्या इस्की या प्रमाणावरून घेतलेली. म्हणजे ‘क’चा नंबर सगळ्यांकडे तोच. विंडोज २०००मध्ये मंगल फॉन्ट आला, साधाभोळा, जरासा बेढब, पण त्यात बडवलेलं आज तुझ्या मॅकवरही मराठीच दिसतं. काका स्टुलावर बसले त्याच्या आधीच हे दार उघडलं होतं. मी गेलो नाही. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, शेवटच्या ७.० पर्यंत कळलं नाही, आणि पत्रिका तर पेजमेकर आणि कोरलमध्येच व्हायच्या. तेव्हा कंपनीला शिव्या देताना थोड्या मी स्वतःसाठीही ठेवतो.

एवढ्यावरून माझं एक मत झालंय. ‘क’चा नंबर काय असावा यावर भांडू नये. बाकी कशावरही खुशाल डोकी फोडा. स्क्रीन कुणाची चांगली, बॅटरी कुणाची टिकते, यात ते जितके भांडतील तितकं आपलं भलं. पण आपण लिहिलेलं, गायलेलं, काढलेले फोटो हेच ओलीस धरून जी चढाओढ चालते तिच्यात आपण गिऱ्हाईक नसतो, गुरं असतो. ज्याच्या गोठ्यात जास्त तो जिंकला.

तुझा आयपॉड आठवतोय? २००५च्या दिवाळीत अमेरिकेहून आलास, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना माझ्या कानात पांढरं बोंडूक खुपसलंस आणि म्हणालास, ‘ऐक भिया, जमाना ऐक.’ आवाज खरंच सुरेख होता. ते चाक तर काय, लोण्यात बोट फिरवल्यासारखं. मी माझा जेल रोडवरचा बिननावाचा एमपी३ प्लेअर काढला तर तू इतका हसलास की कीस नाकात गेला. पण नंतर घरी काय झालं? माझी गाणी तुझ्या आयपॉडवर गेली, तू त्या आयट्यून्स स्टोअरमधून ९९ सेंटला एक अशी घेतलेली गाणी माझ्याकडे वाजेनात. कुलूप होतं. तुझी गाणी, तुझे पैसे, आणि किल्ली तिकडे ॲपलच्या क्युपर्टिनोत.

मायक्रोसॉफ्टचा किस्सा तर याहून भारी. त्यांनी २००४ मध्ये ‘प्लेज फॉर शुअर’ नावाचा छाप काढला. हा शिक्का ज्या प्लेअरवर आणि ज्या दुकानावर, त्यांची गाणी आपसात हमखास वाजणार. बऱ्याच कंपन्यांनी छाप घेतला. दोन वर्षांनी, २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं स्वतःचा झून प्लेअर बाजारात आणला आणि त्यावर त्यांच्याच छापाची कुलूपबंद गाणी वाजेनात! हमखासवाल्यांनी विश्वास ठेवायचा कुणावर? झून २०११ मध्ये संपला, त्याचं मला काडीचं दुःख नाही.

मला हसू नकोस. मीही शिकून घेतलंय ते फटके खाऊनच. नाट्यसंगीताच्या डझनभर सीडी एका सॉफ्टवेअरनं संगणकात उतरवल्या होत्या, त्यात कुठेतरी ‘संरक्षित प्रत’ अशी टिक आधीपासूनच मारलेली होती. कोण बघतो! पुढे व्हायरस आला, संगणक फॉरमॅट केला, आणि गाणी परवाना मागायला लागली. सीडी तोवर भाच्यानं नेल्या आणि कारच्या काचेवर उन्हात ठेवून वाळवल्या.

आता न्यायाची गोष्ट. कुलूप ॲपलला हवं होतं असं नाही, रेकॉर्ड कंपन्यांचा हट्ट होता. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्सनं उघड पत्र लिहून कुलपं काढा म्हणून सांगितलं. पण कुलपाचा त्याला तोटा होत होता असंही नाही; कंपन्यांना मग ॲपलचीच धास्ती वाटायला लागली. त्याच सप्टेंबरात ॲमेझॉननं बिनकुलपाची एमपी३ गाणी विकायला काढली, आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत चारही मोठ्या रेकॉर्ड कंपन्या तिथे हजर! ॲपलला चाप बसावा म्हणून. २००९ मध्ये ॲपलकडचीही कुलपं निघाली. मी स्पर्धा म्हणतो ती ही. ॲपल, ॲमेझॉन आणि रेकॉर्डवाले असे तिघं एकमेकांना पाचर मारत होते आणि सुटली आपली गाणी.

तू म्हणतोस सरकारनं मायक्रोसॉफ्टला ठोकायला हवं होतं. ठोकलं की! युरोपनं २००४ मध्ये मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला आणि मीडिया प्लेअर काढलेलं विंडोज विकायला लावलं. विंडोज एक्सपी एन. किंमत मात्र तीच. प्लेअरसकट आणि प्लेअरविना एकाच भावात मिळत असेल तर कोण वेडा विनाचं घेईल? सराफ्यात गराडू मसाल्यासकट नि मसाल्याविना एकाच भावात ठेवून बघ.

आणि ज्या ॲपलचा तू झेंडा धरलायस, ते १९९७ मध्ये बुडायच्या बेतात होतं तेव्हा १५ कोटी डॉलर कुणी घातले? बोस्टनला ऑगस्टमध्ये त्यांचा मेळा भरला होता. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर बिल गेट्सचं तोंड झळकलं आणि ॲपलभक्तांनी हुर्यो उडवली. वर पाच वर्षं मॅकसाठी ऑफिस बनवत राहण्याचा शब्दही गेट्सनंच दिला होता. आता तो काही परोपकार नव्हता. पेटंटांची भांडणं मिटवायची होती, आणि मला विचारशील तर मक्तेदारीचा आरोप झाला की कोर्टात बोट दाखवायला एक जिवंत प्रतिस्पर्धीही हवा होता. पण घराण्याचा इतिहास माहीत असावा, म्हणून सांगितलं.

प्रोसेसरचं फार लांबवत नाही. साध्या डेस्कटॉपवर इंटेलनं जवळजवळ दहा वर्षं चारच कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे मेंदू, दिले. २०१७ मध्ये एएमडीचं रायझन आठ घेऊन आलं आणि त्याच वर्षी इंटेलला सहा सुचले. पुढे २०२० मध्ये ॲपलनं इंटेललाच डच्चू देऊन स्वतःचा एम१ प्रोसेसर काढला, आणि पंखा नसलेला तो लॅपटॉप दिवसभर चालतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिथे हात जोडतो.

मग चिमीला काय घ्यायचं? घे मॅक. डिझाइन शिकतेय, स्क्रीन उत्तम, तिचे सगळे सोबती तेच वापरतात म्हणतोस. पण मेमरी पहिल्यांदाच जास्त घे, नंतर वाढत नाही. गेल्या आठवड्यात माझ्याकडे २०१६चा असेंबल केलेला डबा आला, तीन बीप मारून गप्प. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढली, तिच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या, फुंकर मारली, बसवली, चालू. वर आणखी एक पट्टी टाकून दिली. मॅकमध्ये तुझं खोडरबर चालायचं नाही. विंडोजवालेही त्याच वाटेनं निघालेत म्हणा. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबरला संपला आणि सहाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर, कितीही धडधाकट असोत, विंडोज ११च्या यादीत नाहीत. अशांना मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून देतो, म्हातारी माणसं त्यावर बँकेचं काम आणि यूट्यूब मजेत करतात. तिकडे ॲपलनंही यंदाचं मॅकओएस हे इंटेलवाल्या मॅकसाठी शेवटचं असं जाहीर केलंय. तेव्हा या बाबतीत कुणी कुणाला हसू नये. चिमीला एवढंच सांग, की काम कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कर, पण वर्षाअखेर एक प्रत दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उघडून बघ. उघडली तर तुझी.

आता काकांकडे येतो. तुमच्याकडे जुन्या लेझर प्रिंटची जी वीस पानं सापडली, त्यांचे फोटो समोर ठेवून मी घरांची यादी केली. कुठल्या घरात काय होतं, एकेक करून. पहिली वेलांटी आधी बडवलेली असते, ती उचलून अक्षरानंतर टाकायची. रफार नंतर असतो, तो अक्षराआधी आणायचा. भाच्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला, त्यानं नव्वद टक्के काम केलं. घोळ एकच. पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढताना दोन घरं नासली, अर्ध्या ‘श’चं आणि अर्ध्या ‘क्ष’चं. दोन्हींच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि पूर्ण अक्षरही त्या अर्ध्यालाच काना जोडून व्हायचं. त्यामुळे ‘कशा’ आणि ‘कक्षा’ एकच दिसतात, ‘शमा’ आणि ‘क्षमा’ही एकच. काकांनी शमा मागितली की क्षमा, हे मागचं-पुढचं वाचून ठरवतो. खोडायला सांगितलेल्या ओळींपैकी एका ठिकाणी दोन्ही चालेल असं वाटतं, पण ते तू आल्यावर.

एक जागा मात्र काही केल्या सुटत नाही. चौतीसाव्या पानापासून उज्जैनचं लहानपण आहे. रामघाटावर पोहायला शिकले तो भाग, पुराचा भाग, आजीनं दिवा सोडला तो भाग. नदीचं नाव एकवीस वेळा आलंय आणि एकवीस वेळा प्रश्नचिन्ह. तुमची गाडी शिप्रा एक्सप्रेस, पण माझ्या घरात सगळे क्षिप्रा म्हणतात. काका वाचायचे ते कानात आणायचा फार प्रयत्न केला, नाही आठवत. स्टुलाची कुरकुर तेवढी ऐकू येते.

काकूंना विचार. त्यांना सांगता आलं नाही तर माळ्यावरच्या ट्रंकेत ती निळ्या पुठ्ठ्याची वही असेल, डिसेंबरात येताना घेऊन ये. तोवर मी त्या एकवीस जागा तशाच ठेवतो. वहिनींना नमस्कार, चिमीला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या