पुस्तक क्विझसाठी धावून आलेल्या सगळ्यांना थँक्यू

आमच्या दापोलीच्या सातवीतल्या पोरांची पुस्तकांवरची क्विझ होती, तयारीला ज्यांनी मदत केली त्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत म्हणून सगळ्यांसमोर मनापासून आभार. वाचनालयातल्या ताई, बंद करायची वेळ झाली तरी तुम्ही पोरांना उठवलं नाहीत, उलट बाइंडिंग सुटलेली 'श्यामची आई' कपाटातून शोधून दिलीत. आणि पालगडच्या एसटीतले आजोबा! साने गुरुजींचा जन्म १८९९, पुस्तक लिहिलं नाशिकच्या तुरुंगात १९३३ ला आणि छापून आलं १९३५ ला, हे तुम्ही उतरेपर्यंत पोरांकडून घोकून घेतलंत (लिहिलं कधी आणि छापलं कधी, गोंधळ नेमका इथेच होतो). पावसात लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरचा बल्ब आमच्यासाठी चालू ठेवणारे दुकानवाले काका, तुमच्यामुळे रिव्हिजन पूर्ण झाली. पोरं तुम्हाला शोधतायत, भेटलात तर हाक मारा नक्की.